आडवा कमठा आणि शिंगाची गुंडी

लढाई संपली त्या साली आमचे हे पाच वर्षांनी घरी आले, आणि महिन्याभरात त्यांनी घरात पहिली नवी वस्तू आणली ती मोटारीचा गंजका पाटा. पलटणीतून येणारे लोक घड्याळं आणत, कांबळी आणत, खालच्या आळीतल्या एकाने तर ग्रामोफोन आणला होता. ह्यांनी कराडच्या मोटार अड्ड्यावरून स्प्रिंगचा पाटा आणला, पोत्यात गुंडाळून, आणि मला न सांगता वैरणीच्या माळ्यावर सरकवला. तो मला तिसऱ्या दिवशी सापडला. सापडला कसला, मी शोधूनच काढला.

स्वभावच माझा तसा. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी कधी दूध घेतलं नाही. "पाणी किती घातलंस?" हा माझा दूधवाल्याला रोजचा नमस्कार असे. पाहुणे उठून गेले की भांडी मोजायची, शेजारीण गोड बोलली की तिला काय हवंय याचा विचार करायचा. माहेरी याला चौकसपणा म्हणत. सासरी दुसरं नाव होतं, ते लिहीत नाही.

पण त्या दिवसांत मी एकटीच काही तशी नव्हते. आमचं गाव कृष्णाकाठचं, कराड आणि सांगलीच्या मधलं, आणि बेचाळीसनंतर अख्ख्या गावालाच ही बाधा झाली होती. भूमिगत पोरं उसात राहत. पोलिसांची पार्टी कधी शाळेत उतरे, कधी चावडीत. कुणाच्या चुलीवर चार भाकरी जास्त भाजल्या तर ते पोलिसांना कळे, आणि कुणी पोलिसांशी चार शब्द बोललं तर ते उसात कळे. परवान्याच्या बंदुका सरकारने जमा करून घेतल्या होत्या. आमची सासऱ्यांच्या वेळची ठासणीची बंदूकही तशीच गेली. पलटणीतून आलेल्या माणसाकडे तर दोन्ही बाजूंनी वाकड्या डोळ्याने पाहत. सरकारचं मीठ खाल्लं म्हणून पोरं पाहत, आणि हत्यार चालवता येतं म्हणून पोलीस.

आता मास्तरांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

माझं लग्न झालं आणि अठ्ठाविसाव्या दिवशी हे पलटणीत गेले. मग पत्रं यायला लागली. मला अक्षर येत नव्हतं, सासूबाईंना तर नव्हतंच. गावच्या शाळेचे मास्तर पत्र वाचून दाखवत आणि उत्तरही लिहून देत. परगावचे, एकटे राहणारे, तिशीतले गृहस्थ. खाली मान घालून चालायचे आणि तशीच मान घालून वाचायचे. मला मात्र चैन पडेना. पत्र चार ओळींचं असलं तर मास्तर इतका वेळ का वाचतात, आणि पानभर असलं तर इतक्या लवकर कसं संपतं? मी सांगते तेच लिहितात, की आपल्या मनाचं घालतात? शेवटी मी सासूबाईंना म्हटलं, मला वाचायला शिकायचंय. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "शिक की. मी बसते मधी."

आणि बसल्या. शाळा सुटल्यावर ओसरीत एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे सूप घेऊन सासूबाई. दोन वर्षं त्या सुपातून जितकं धान्य पाखडलं गेलं तितकं घरात कधी पाखडलं नव्हतं. मला नीट वाचता यायला लागलं त्या दिवशी मी सगळी जुनी पत्रं ट्रंकेतून काढली आणि दार लावून वाचली. मास्तरांनी एक काना बदलला नव्हता. शहाण्या बाईने तिथेच कान धरायला हवे होते. मी नुसती पत्रं घडी घालून परत ठेवली.

पुढे सासूबाई गेल्या. त्यानंतर एकदा पाकिटावर इंग्रजीत पत्ता घालून घ्यायला मी शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी नदीवर एक बाई धुणं आपटता आपटता म्हणाली, "आता मधी कोण बसतंय गं?" बाकीच्या हसल्या. ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि ते माझ्याकडेच राहिलं.

मग हे आले. आले ते निराळेच. उजव्या खांद्याला जखम झाली होती, ती भरली, एवढं त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. जेवण उजव्या हाताने व्हायचं. पण सदरा खुंटीला अडकवायचा तो डाव्या हाताने, आणि बैलांच्या मानेवर जू ठेवायची वेळ आली की गड्याला हाक. मी विचारलं तर म्हणाले, "पलटणीतली सवय हाय." मला पटलं नाही. मला वाटलं, पलटणीत नाईक झाले म्हणून भाव चढलाय. सदरा माझ्यादेखत कधी काढायचे नाहीत. माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नाही. आणि नदीवरचं ते वाक्य माझ्या मनात होतंच. हळूहळू माझी खात्रीच झाली की कुणीतरी ह्यांचे कान भरलेत.

पाटा काही दिवसांनी माळ्यावरून नाहीसा झाला. हे लोहाराच्या भट्टीवर तासन् तास बसत. मी भाकरी घेऊन गेले की दोघंही पावसापाण्याचं बोलायला लागत. लोहार इतका पावसावर बोलणारा माणूस नव्हता. भाद्रपदात पाटा परत आला, पण आता तो दोन्ही टोकांना निमुळता होता आणि बाभळीच्या एका जाड दांड्यावर आडवा बसवलेला होता. दांड्याला वरून पन्हळीसारखी खाच, खाली लोखंडी चाप, मागे विहिरीवर असतो तसा इवलासा रहाट. दोरी वाखाची, चांगली करंगळीएवढी जाड. मी वैरण बाजूला करून बराच वेळ बघत राहिले. काय आहे ते कळलं नाही, पण जीव घ्यायची वस्तू आहे एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी रानात बांधावर जेवताना मी सरळच विचारलं, "आवं, माळ्यावर काय ठिवलंय?"

त्यांनी घास संपवला, पाणी प्याले. "आडवा कमठा," म्हणाले. आणि आल्यापासून कधी बोलले नव्हते इतकं बोलले.

इटलीत जखमी झाल्यावर ज्या गावात त्यांचा दवाखाना होता, तिथे टेकडीवर एक जुना किल्ला होता. त्याचा राखणदार एक म्हातारा. दवाखान्यातल्या एका कंपाउंडरला दोन्ही भाषा येत, त्याला मधे घालून हे त्या म्हाताऱ्याशी बोलत. त्याने हा आडव्या धनुष्याचा कमठा दाखवला. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी तिकडच्या सगळ्या लढाया ह्याच्यावर चालत. टोकाला लोखंडी कडी, तिच्यात पाय घालून जमिनीवर दाबायचं. रहाट फिरवला की दोरी मागे येते आणि शिंगाच्या एका गोल गुंडीला अडकते. मग नुसता चाप दाबायचा. आपल्या तिरकमठ्याला लहानपणापासून हात बसावा लागतो. ह्याला काही नको. काल नांगर धरणारा माणूस आज तटावर उभा केला तरी उद्या चिलखत घातलेल्या सरदाराला पाडतो.

"एक मोठा राजा असाच मेला," हे म्हणाले. "किल्ल्याला वेढा घालून फिरत हुता. तटावरच्या कुणा साध्या माणसानं सोडला बाण. बसला खांद्यात. जखम चिघळून गेला राजा."

खांदा म्हणताना त्यांचा डावा हात स्वतःच्या खांद्याकडे गेला आणि परत खाली आला.

"त्यांच्या थोरल्या धर्मगुरूनं हुकूम काढला, ह्ये हत्यार आपल्या धर्माच्या माणसावर चालवायचं न्हाई म्हून."

"म्हंजी दुसऱ्यावर चालवा?"

"तसंच की!" ते हसले. "आणि आपल्यावर बी चालवलंच. हुकूम ऱ्हायला कागदात."

मग म्हणाले, खोट एकच. भरायला वेळ लागतो. एक बाण लावेपर्यंत साध्या धनुष्यवाल्याचे पाच-सहा सुटतात. म्हणून कमठेवाल्याच्या पुढे माणसाएवढी ढाल उभी करत. तिच्याआड बसून भरायचं, डोकं काढून मारायचं, परत आड. त्या मुलखातले कमठेवाले भाड्याने दुसऱ्या राजांच्या लढायांना जात. "आमच्यावाणीच," हे म्हणाले. एका लढाईत ढाला मागे गाड्यांत राहिल्या आणि वर पाऊस आला. दोऱ्या भिजल्या, बाण पोचेनात. बिचारे मागे फिरले, तर त्यांच्याच बाजूच्या घोडेस्वारांनी त्यांना तुडवलं.

"का?"

"फितूर झाली असं वाटलं." त्यांनी फडक्यात भाकरी बांधली. "नुसतं वाटलं, बघ."

"आणि आपल्याला कशापायी पायजे ते?"

"डुकरं भुईमूग खात्यात. बंदूक न्हाई. ह्याला आवाज बी न्हाई, पोलीस येत न्हाईत. कुणाला सांगू नगं."

मी मान हलवली आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. डुकरं सगळ्या गावाचं रान खायची. डोंगराकडच्या अंगाला ज्यांची ज्यांची शेतं होती ते रानातल्या माळ्यावर बसून पत्र्याचे डबे वाजवत. डुकरासाठी राजे मारायचं हत्यार कोण करतं? माझ्या डोक्यात एकच राहिलं, आवाज नाही.

आठवड्याने हे सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मास्तर सांजच्याला कुठल्या वाटंनं फिराया जात्यात गं?"

मी पिठाचं ताट खाली ठेवलं. "मला काय ठावं?" मी म्हटलं. मला माहीत होतं. ओढ्याच्या वाटेने जात.

"ओढ्याकडनंच की," तेच म्हणाले. आणि मग, "दसरा झाला की मास्तरांस्नी रानात बोलवायचं हाय. तू नगं येऊस."

आता कुणीही म्हणेल, सरळ विचारायचं. विचारायला मन साफ लागतं. माझ्या मनात मी सगळा खटला चालवून निकालसुद्धा लावला होता. हे मास्तरांना मारणार, आणि सरकार ह्यांना फासावर देणार. एक देवासारखा माणूस माझ्या अक्षरांपायी जाणार, दुसरा माझ्या नशिबापायी. मास्तरांना सावध करावं म्हटलं, तर शाळेकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. मला खरोखर भीती वाटत होती. जेवण जात नव्हतं.

नवमीच्या आदल्या दिवशी हे कराडला गेलेले पाहून मी माळ्यावर चढले. कमठा मांडीवर घेतला आणि नीट पाहिला. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला यंत्र कळत नाही असं पुरुषांना वाटतं, पण जातं दुरुस्त करते तिला हे का कळणार नाही? सगळा जोर त्या गुंडीवर होता. म्हशीच्या शिंगाची, मोठ्या सुपारीएवढी, एका बाजूला दोरी अडकायला खाच, दुसऱ्या बाजूला चापाला. एक खिळा तिच्यातून आरपार गेलेला. मी खिळा ठोकून काढला, गुंडी कनवटीला लावली आणि खिळा होता तसा परत घातला. वरवर पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. गुंडी मी मिठाच्या बरणीत तळाशी पुरली.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला लागतं. विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, खुरपी, अडकित्ता, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि दसरा संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सासूबाई सांगायच्या, पूजेतून एखादं हत्यार दडवलं तर ते वर्षाच्या आत घरातल्याच माणसाचं रक्त काढतं. एका वर्षी मोडकी कात्री राहून गेली तर त्यांनी अर्ध्या पूजेतून उठून ती शोधून आणली होती. मी संशयी होते, पण ह्या बाबतीत माझी श्रद्धा पक्की होती. शिवाय मनात हिशेब असा की, गुंडी काढल्याने एक कुलूप लागलं, आणि देवापुढे मांडल्याने दुसरं लागेल. देवाने पाहिलेल्या हत्याराने हे पाप कसं करतील?

हे बैल धुवायला नदीवर गेले होते. मी कमठा उतरवला, पुसला, पाटावर मधोमध ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं. हे आले, ओसरीतून आत पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला. पूजेतली वस्तू उचलायची नाही हे त्यांनाही माहीत होतं, त्यांच्या आईनेच शिकवलं होतं. त्यांनी हात जोडले. मग परसात जाऊन टोपलीभर झेंडू तोडून आणला आणि कमठ्यावर ढीग केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. उद्या दसरा. उद्या सगळं गाव सोनं द्यायला घरात येणार.

आणि आलं. आपट्याची पानं द्यायची, थोरांच्या पाया पडायचं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचा, पुढच्या घरी. बहुतेक जण उंबऱ्यातूनच फिरले. पोलीस पाटील मात्र नात्याने माझे चुलत सासरे, म्हातारे, जुन्या रीतीचे. ते आत आले आणि प्रत्येक हत्यारावर एकेक पान वाहायला लागले. विळा झाला, फाळ झाला. फुलांच्या ढिगावर पान ठेवताना त्यांच्या बोटाला दोरी लागली. त्यांनी फुलं सारली.

"ह्ये काय रं?"

"हत्यार हाय, आबा. पूजंला लावलंय."

पाटलांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोबरं घेतलं, चावलं. "मी सांगितलं न्हाई तर दुसरा कोण तरी सांगंल गड्या," म्हणाले आणि काठी टेकत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आला, दोन शिपाई घेऊन. कमठा एका शिपायाच्या डोक्यावर आणि हे मधे, अशी वरात चावडीपुढे गेली. गाव जमलं. आम्ही बायका देवळाच्या भिंतीशी उभ्या होतो. फौजदाराचं म्हणणं सरळ होतं. बिनआवाजाचं हत्यार, पलटणीतला माणूस, उसात भूमिगत. कुणासाठी बनवलं? सिद्ध झालं तर तुरुंग, आणि जखमी शिपायाचं पेन्शन बंद. ह्यांनी सांगितलं, "डुकरासाठी." फौजदार हसला. मी विश्वास ठेवला नव्हता, तो कशाला ठेवेल?

इतक्यात गर्दीतून मास्तर पुढे आले. काखेत पुस्तक. मान खालीच. "साहेब, हे मी करायला सांगितलं," ते म्हणाले. "मुलांना युरोपचा इतिहास शिकवताना दाखवायला. नमुना आहे." आणि पुस्तक उघडून चित्र दाखवलं. तटाआडून कमठा रोखलेला माणूस, पुढे ती उंच ढाल.

हे मास्तरांकडे बघतच राहिले. मी पण. मास्तरांनी काही सांगितलं नव्हतं. ह्यांनी ते पुस्तक त्यांच्याकडे एकदा चाळलं होतं, तेवढंच, हे मला नंतर कळलं. पत्रांत एक काना न बदलणारा माणूस भर चावडीत खोटं बोलत होता.

फौजदाराने चित्र पाहिलं, कमठा पाहिला. "नमुना का हत्यार, आत्ता कळेल. भर रे. त्या लिंबाला मार."

ह्यांनी कडीत पाय घातला आणि रहाटाला डावा हात लावला.

"डाव्याने काय नाटक करतोस? उजवा लाव!"

ह्यांनी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. ते जोर करत होते, कपाळावर घाम आला, मान ताठ झाली, पण हात पुढे जाईना. सगळं गाव बघत होतं. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "अगं बया, हात गेलाय की." चार महिने ह्या माणसाबरोबर एका घरात राहून मला जे दिसलं नव्हतं, ते तिला दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फौजदारही जरा वरमला. "बरं, डाव्याने फिरव."

रहाट फिरला, पाटा वाकायला लागला, दोरी कुरकुरत मागे आली. जागेवर आली. ह्यांनी रहाट सोडला आणि दोरी सटकन पुढे गेली. बाण ठेवायची वेळच आली नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. मग ह्यांनी वाकून खाचेत पाहिलं. नुसता खिळा. त्यांनी डोळे उचलले ते थेट माझ्यावर. एवढ्या बायकांत त्यांना शोधावं लागलं नाही.

"चालत न्हाई, साहेब," ते म्हणाले. "अपुरं हाय अजून."

फौजदाराने स्वतः दोनदा फिरवून पाहिलं, बोटं सोलून घेतली आणि कमठा पायाने लोटला. "खेळणं आहे," म्हणाला. पाटा आणि दोरी जप्त झाली, ह्यांना दम मिळाला, मास्तरांना त्याहून मोठा मिळाला, आणि बाभळीचा दांडा हे खांद्यावर टाकून घरी घेऊन आले. डाव्या खांद्यावर.

घरी येऊन ते जोत्यावर बसले. मी वाट पाहत होते रागाची. ते आपले अंगणात बघत बसले.

"तो म्हातारा किल्ल्यावरचा," म्हणाले, "माझा हात गळ्यात बांधलेला बघून त्यानं रहाटाची मूठ माझ्या डाव्या हातात दिली. फिरीव म्हनला. फिरवली. झाला की भरून! लय बरं वाटलं बघ. वाटलं, घरी जाऊन येक तरी काम असं करीन की गड्याला हाक मारावी लागणार न्हाई." मग म्हणाले, "तुला काय सांगायचं हुतं? नवऱ्याला जू उचलत न्हाई म्हून?"

मला रडू आवरेना. मी स्वयंपाकघरात गेले, मिठाची बरणी पालथी केली आणि गुंडी आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. तिला मीठ चिकटलं होतं. त्यांनी ती फुंकली, फिरवून पाहिली, आणि मोठ्याने हसले.

"वाचिवलंस गं! ही असती तर बाण लिंबात आणि मी तुरुंगात. आणि मास्तर! द्येवमाणूस. माझ्यापायी खोटं बोलला. ओढ्याकडं बाण मारून बघायचा हुता, तर मास्तर वाटंत येतील म्हून मी किती जपलं. पैला डुक्कर पडला की त्यांस्नीच दाखवणार हुतो. तू आसपास असतीस तर हात दिसला असता, म्हून नगं म्हनलं."

एवढं सगळं त्यांनी उलगडून ठेवलं, सगळं सरळ, सगळं स्वच्छ. मी तिथे गप्प बसायला हवं होतं.

"पर काढलीस कशाला?" त्यांनी हसत हसतच विचारलं. "कुणाला मारंन वाटलं तुला?"

मी काहीही सांगू शकले असते. पण मला लाज वाटत होती, उपकार वाटत होते, आणि आता ह्या माणसापासून काही लपवायचं नाही असं मी दहा मिनिटांपूर्वीच ठरवलं होतं.

"मास्तरांस्नी," मी म्हटलं.

"मास्तरांस्नी? का?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी नीट पाहिलं. नदीवरचं ते वाक्य त्यांच्या कानापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. कुणी कान भरले नव्हते. गावात होतं ते एवढंसं, आणि घरात आणलं होतं ते मी. आता मागे फिरायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं, ओसरी, सूप, पाकिटावरचा पत्ता, धुण्यावरच्या बायका, आणि तसं काही नव्हतं हे चार वेळा सांगितलं. एकदा सांगून थांबले असते तरी चाललं असतं.

"बरं," ते म्हणाले. उठले, बैलांना वैरण टाकली, दांडा परसात सरपणाच्या ढिगावर ठेवला. परत आले, जेवायला बसले. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "वाचाय शिकाय किती दिस लागलं तुला?"

"दोन वर्सं."

"दोन वर्सं." त्यांनी घास घेतला. "आणि आई रोज बसायची मधी?"

"रोज," मी म्हटलं. मग खोटं बोलायचं नव्हतं म्हणून पुढे म्हटलं, "शेवटचा महिना सोडून. तवा त्या अंथरुणावर हुत्या."

त्यांनी मान हलवली. सदऱ्याच्या खिशातून गुंडी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "असू दे तुझ्यापाशीच," म्हणाले. आणि अगदी सहज, "मास्तर आज खोटं का बोलले असतील गं?"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दुधात बोट बुडवताना मी दूधवाल्याला ह्याच आवाजात विचारत असे.